बाभळीखालची जीप

फ्रिजवर लाइटचं बिल अडकवायचं चुंबक खिशात टाकून मी पारनेरला निघालो. जुनी गाडी बघायला जाताना याच्याइतकं स्वस्त आणि याच्याइतकं निर्दय हत्यार दुसरं नाही. रुमालात गुंडाळायचं, म्हणजे रंगावर ओरखडा उठत नाही. पत्र्याला टेकवायचं आणि अलगद हात काढायचा. बाकी सगळं ते सांगतं.

पुण्याहून एसटीने सुप्यात उतरलो. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ती याच रस्त्याने, आणि तिची बॉडी लाकडी होती. लाकडाचा विषय पुढे पुन्हा येईल. सुप्याहून मित्राच्या मोटारसायकलवर पारनेर, तिथून कान्हूर पठाराच्या अंगाला एक मळा. विहीर, कडब्याची गंजी, दोन शेळ्या, आणि बाभळीखाली ती. चाकं निम्मी मातीत गेलेली, हुडाच्या चिंध्या, ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. आम्ही जवळ गेलो तरी ती उठली नाही. चोवीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीवर तिचाच हक्क जास्त होता.

बॉनेटवर चुंबक टेकवलं. टक्. डावा मडगार्ड, टक्. उजवा, टक्. मागच्या फळक्यावर मात्र त्याने जरा ओढ घेतली, घुटमळलं आणि निसटून मातीत पडलं.

"तिथं लांबी भरलीया," गाडीचे मालक नाना शांतपणे म्हणाले. "थोरल्यानं बैलगाडीवर घातली होती."

चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने मरते. पत्रा आणि चुंबक यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर लांबी आली तरी फरक हाताला कळतो. रंग कितीही झकास असो, रंगाखाली लोखंड आहे की पुट्टी, हे एवढ्याशा तुकड्यापासून लपत नाही. मला त्या दिवशी आनंद झाला तो फळकं सोडून उरलेल्या टक्-टक्चा. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा पत्रा, आणि तो अजून पत्राच होता.

माझ्या भाच्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं. त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर एक अमेरिकन मसल कार असते आणि 'मामा, घ्यायची तर अशी घे' हा त्याचा सल्ला. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या साध्या घरगुती गाडीत दांडगं इंजिन कोंबायचं. या प्रकाराची सुरुवात बहुतेक लोक १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून मोजतात. ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन आणि ३२५ अश्वशक्ती. पुढची आठ-नऊ वर्षं डेट्रॉइटमध्ये नुसती दंड थोपटायची स्पर्धा चालली. मग विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आला, १९७३ चं तेलसंकट आलं आणि आखाडा मोडला.

आपण त्या आखाड्यात कधी नव्हतोच. असं नाही की मुंबईत अमेरिकन गाड्या जुळत नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला जुळणीचा कारखाना घातला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ नावाच्या गाड्या बाहेर पडत. पण १९५३ नंतर सरकारने धोरण बदललं. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा राहिली नाही, आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्लिमथने १९६८ मध्ये रोड रनर नावाचा मसल कारवाल्यांचा लाडका अवतार काढला, तेव्हा कुर्ल्यात फियाट ११०० बनत होती. नानांच्या आरसी बुकातही साल हेच आहे, १९६८. त्या साली पारनेर तालुक्यातल्या कुणाला दंडाची गाडी घ्यायची असती, तर त्याने जीपच घेतली असती. घेतलीही.

आणि जीपच्या दंडाचा हिशेब निराळा आहे. तो मी भाच्यासाठी एकदा कागदावर मांडला. मूळ सीजे-३बी जीपच्या (नानांच्या जीपचं मॉडेल हेच) इंजिनाची ताकद ७२ अश्वशक्ती, जीटीओच्या पावपट सुद्धा नाही. पण पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण २.८, ट्रान्स्फर केस (ओढ चारही चाकांना वाटणारी पेटी) खालच्या गतीत टाकली की तिचं २.४६, आणि धुऱ्यावरच्या दात्यांचं ५.३८. तिघांचा गुणाकार करा, ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ फेऱ्या मारतं तेव्हा चाक एकदा फिरतं, आणि वेग जितक्या पटीने कमी झाला तितक्याच पटीने, घर्षणात जाईल ते सोडून, पीळ वाढतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी गुरगुरत असताना ही गाडी तासाला सात किलोमीटरच्या आसपास चालते. आपण एसटी पकडायला झपाझप चालतो तेवढ्या वेगाने. त्या वेगात ती ओढ्यातून, खडकावरून, नांगरलेल्या रानातून जाते आणि मागे ट्रॉली असली तरी तक्रार करत नाही. जीटीओ घोडा असेल. हा बैल आहे, आणि पारनेरला बैलाची किंमत कळते.

या बैलाची वंशावळ लढाईत सुरू होते. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी होती आणि मुदत जवळजवळ अशक्य होती. बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी सैन्याच्या दारात उभी केली. पुढे मोठी ऑर्डर मात्र विलिस आणि फोर्ड यांनी नेली. दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर जीपा काढल्या. फोर्डने तर आपल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यांवरही इंग्रजी एफ उठवला. आज जगात युद्धकाळातली फोर्ड जीप दुरुस्त करणारी माणसं भिंग घेऊन तो एफ शोधत असतात. बोल्ट मिळाला की सोन्याची नथ सापडल्यासारखं नाचतात. मला हसू येत नाही. आमच्या घरात आजीचा अडकित्ता हरवला होता, तेव्हा आम्हीही असंच केलं होतं.

लढाई संपली आणि विलिसने तिला मुलकी कपडे घातले. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, मुलकी जीप. त्यानंतर थोड्याच वर्षांत महिंद्रा मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग आणून जीप जोडू लागले, आणि पुढे त्या इथेच बनवू लागले. आपल्याकडच्या सिनेमात, तहसीलदाराच्या दारात, साखर कारखान्याच्या गेटवर, पोलीस पाटलाच्या आठवणीत जी जीप आहे ती बहुतेक वेळा ही सीजे-३बी. ओळखायची खूण म्हणजे बॉनेट. लढाईतल्या जीपचं बॉनेट बसकं असतं. हिचं कपाळ उंच.

ते उंच का, याचं उत्तर मला फार आवडतं. जुन्या इंजिनात हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असत. डोक्यावर नुसतं सपाट झाकण. अशा इंजिनातून ६० अश्वशक्ती निघे. जास्त ताकदीचं नवंकोरं इंजिन बनवायला पैसा हवा. विलिसच्या इंजिनिअरांनी ब्लॉक तोच ठेवला, सिलिंडर तेवढेच ठेवले आणि हवा घेणारा व्हॉल्व्ह तेवढा उचलून डोक्यावर बसवला. हवेला वळसा कमी पडला, श्वास मोकळा झाला, त्याच २.२ लिटरमधून ७२ अश्वशक्ती निघाली. पण डोकं वाढलं. झाकण बसेना. मग १९५३ मध्ये बॉनेटच वर उचललं. रूप गेलं म्हणून अमेरिकेत नाकं मुरडली गेली. तिथे १९६८ पर्यंत अशा सुमारे १ लाख ५५ हजार जीपा निघाल्या आणि ते मॉडेल बंद पडलं. आपल्याकडे तेच कपाळ त्यानंतरही वर्षानुवर्षं बनत राहिलं. मसल कारवाले बॉनेटवर फुगवटे काढून मिरवायचे, आत मोठं काहीतरी आहे असं दाखवायला. जीपचा फुगवटा खरोखरच जागा कमी पडली म्हणून आलेला आहे.

आता गंज. पारनेरपर्यंत धडपडत जाण्याचं खरं कारण हेच.

जुनी गाडी घेणाऱ्याला इंजिनाची भीती वाटते. ती चुकीची भीती आहे. इंजिन बांधता येतं. कापडासारखा विरलेला पत्रा आणि आतून पोखरलेली चासी ही खरी भीती. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर उघड्यावर उभी असलेली जीप घेतली, तर बरेचदा आपण जीपच्या आकाराचा रंग विकत घेतो.

लोखंडावर पाण्याचा पातळसा पडदा बसला की त्याच पत्र्याचा एक ठिपका इलेक्ट्रॉन सोडायला लागतो, शेजारचा ठिपका ते घ्यायला लागतो, आणि पाणी दोघांमधली तार बनतं. म्हणजे प्रत्येक ओल्या पत्र्यावर अक्षरशः लाखो बारक्या बॅटऱ्या सुरू असतात आणि प्रत्येक बॅटरी चालताना थोडं लोखंड खाते. पाण्यात मीठ विरघळलं की ती तार जाड होते, वीज सोपी वाहते. समुद्राची हवा करते ते हेच. दुसरी गोम अशी की अॅल्युमिनियमवर बसलेला ऑक्साइडचा थर घट्ट असतो, खालच्या धातूला झाकतो. गंज पोकळ, भुसभुशीत. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग फोडासारखा फुगतो, आणि फोडाखाली पाणी आणखी मुरतं.

पण याला एक उंबरा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या खाली असली की स्वच्छ लोखंडावर तो पडदा नीट बसतच नाही. बॅटरी बंद. आणि पारनेर तर सह्याद्रीच्या पाठीमागचं, पर्जन्यछायेतलं. ढग माळशेजला रिकामे होतात आणि इथे येतात ते रिकाम्या हाताने. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, मुंबईच्या पावपटीच्या आसपास. मार्च ते मे दुपारी हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. नानांच्या जीपच्या मडगार्डला खालून हात लावला तर बोटाला तपकिरी भुकटी लागली, कोरडी, हळदीच्या पुडीसारखी. अंगठ्याने जोरात घासलं, खाली करडं लोखंड शाबूत.

नाना सांगत होते, त्यांच्या घरातली दोन माणसं बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला गेली ती तिकडचीच झाली. तालुक्यात असं न सांगणारं घर शोधावं लागेल. ज्या कोरडेपणाने माणसं इथून उठवली त्यानेच हे लोखंड राखलं होतं. शेजारच्या राळेगणसिद्धीने पाण्याचा थेंबन्‌थेंब अडवायला बांध घातले आणि मी त्याच तालुक्यात पाऊस कमी पडला म्हणून मनातल्या मनात खूश. नानांसमोर हे बोललो नाही.

कोरडी हवा सगळ्यांवरच माया करते असंही नाही. ऊन आणि ओझोन रबराला खातात. होजपाइप हातात घेतला तर गूळपापडीसारखा मोडला. टायर, ऑईल सील, वायरींचं कव्हर, इंजिनाखालचे रबरी ठोकळे, सगळं भंगारात. आणि एक जागा अशी आहे जिथे पारनेरचं ऊनही पोहोचत नाही. ब्रेक ऑईल. हे द्रव्य हवेतला ओलावा ओढून घेतं, मिठासारखं. बाहेरून गाडी खडखडीत, पण प्रत्येक चाकातल्या अंगठ्याएवढ्या सिलिंडरात चोवीस वर्षं थोडंथोडं पाणी जमत गेलेलं. आम्ही पुढचं डावं चाक उघडलं तेव्हा आतला पिस्टन सिलिंडरशी एकजीव झाला होता. दुष्काळी तालुक्यातल्या दुष्काळी मळ्यात, बंद लोखंडी डबीत, एवढीशी ओल.

मिस्त्री नगरहून आले होते. वय सत्तरीच्या पुढे, हातात फक्त एक लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. गाडीखाली पाठीवर सरकले आणि मुठीने चासी ठोकत निघाले, डॉक्टर पाठ ठोकतात तसे. ठण्, ठण्, ठण्, ठप्. 'ठप्' आलं तिथे थांबले, उलट बाजूने टोक रोवलं. गेलं नाही.

"माती बसलीया. पत्रा बोलतोय अजून," खालून आवाज आला.

सगळ्यात जास्त वेळ ते फ्लोअरच्या खालच्या आडव्या पट्ट्यांपाशी रेंगाळले. तिथे पत्रा दुहेरी असतो, मध्ये पोकळी, आणि पोकळीत चिखल. लढाईतल्या विलिस जीपमध्ये तर या पट्ट्यांच्या पोटात चक्क लाकडाच्या फळ्या घालत, मजबुतीसाठी. लाकूड पाणी धरून ठेवी, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी जीप पोटातून सडे. एसटीच्या पहिल्या गाडीची लाकडी बॉडी आठवली ती इथे. लाकूड ओलं झालं तर निदान दिसतं. लोखंडात लपवलेलं लाकूड कुणाला दिसणार? नानांच्या जीपमध्ये फळी नव्हती, पण बाभळीचा पाला होता, आणि जिथे पाला साचून राहिला त्या उजव्या कोपऱ्यात बोट आरपार गेलं. एवढी एक जागा. मिस्त्रींनी खडूने तिथे फुली मारली आणि बाहेर आले.

इंजिन जाम होतं. हँडल घालून दोघांनी जोर लावला, तसूभर हललं नाही. यात नवल नाही. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. एकजण श्वास घेत असतो, एकजण सोडत असतो, त्या क्षणी आपण किल्ली फिरवतो आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहतं. पावसाळ्याची हवा त्या वाटेने आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटतात. उरलेले सिलिंडर निवांत, एकट्याने सगळ्यांना धरून ठेवलेलं.

मिस्त्रींनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑईल यांचं मिश्रण ओतलं, भोकांवर कापडाचे बोळे कोंबले आणि हात पुसले. "आठ दिस हात लावायचा न्हाई. जोर केला तर रिंग तुटंल, न्हाई केला तर सुटंल."

त्या आठ दिवसांत मी या इंजिनाचे आकडे वाचत बसलो. सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच, पिस्टनची धाव ४.३७५ इंच. धाव व्यासापेक्षा लांब, म्हणजे अरुंद आणि खोल विहीर. जीटीओच्या इंजिनात उलटं, रुंद आणि उथळ, भरभर फेऱ्या मारायला. लांब धावेचं इंजिन फार पळत नाही, पण हळू फेऱ्यांत दम धरतं. मिनिटाला दोन हजार फेऱ्या म्हणजे या जीपसाठी रमतगमत चालणं. तेवढ्यातही प्रत्येक पिस्टन मिनिटात चार हजार वेळा पूर्ण थांबतो, दिशा बदलतो आणि पुन्हा सुटतो. त्याच मिनिटात डिस्ट्रिब्युटरमधले बोटाच्या पेराएवढे पॉइंट चार हजार वेळा उघडझाप करतात, सेकंदाला साठाहून जास्त वेळा, आणि प्रत्येक उघडण्याला एक ठिणगी, १-३-४-२ या क्रमाने. क्रम चुकला की गाडी खोकते. कुठे कॉम्प्युटर नाही, कुठे सेन्सर नाही. एक फिरणारा दांडा, त्याच्यावर चार टेकाडं, टेकाडावर घासणारी फायबरची टाच. हे मला अजून पटत नाही, आणि मी ते उघडून बघितलंय.

इंजिन बांधणं म्हणजे काय, हेही त्याच आठवड्यात नीट कळलं. चाळीस-पन्नास वर्षं घासून सिलिंडर गोल राहत नाही, वरच्या बाजूला लंबगोल आणि किंचित गाडग्यासारखा होतो. लेथवाला त्याला जरा मोठा कापून पुन्हा गोल करतो आणि तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन घालतो. ही मापं ठरलेली आहेत, इंचाच्या हजारांश भागांत: दहा, वीस, तीस, चाळीस. मिस्त्री नुसतं 'तिसावर आलीया' म्हणतात आणि गाडीचं अर्धं चरित्र सांगून मोकळे होतात. तीस म्हणजे बहुतेक दोन-तीनदा बांधून झालेली, अजून एखादी पाळी शिल्लक. भिंत संपली की लायनर ठोकायचा. झाडाची वलयं मोजतात तशी जुनी इंजिनं मोजता येतात, हे कुणी शाळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कागद बघायला मात्र घरात बसलो. चहा आला, नानांच्या सुनेने ट्रंकेतून आरसी बुक काढून दिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पुन्हा कापडात. गाडीपेक्षा ते जास्त नीट सांभाळलेलं. त्यातला चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एक आहे की नाही, हे आधी बघायचं. चासीवरची तेवढी जागा रॉकेलच्या बोळ्याने पुसली, वर पारदर्शक चिकटपट्टी लावायच्या आधी पेन्सिलचं शिसं आडवं घासलं, पट्टी दाबली आणि उचलली. आकडे उलगडून पट्टीवर आले. आरटीओत पूर्वीपासून हीच प्रिंट लावतात. शेवटचे तीन आकडे जुळेपर्यंत नाना आणि मी दोघंही गप्प होतो.

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीचे २० हजार रुपये, पुढच्या नोंदणीचे ५ हजार, नोंदणी दहा वर्षांची. गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची, रोजच्या कामाला नाही. आणि अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. ही अट मला मनापासून आवडते. हल्ली जुन्या जीपची जी सर्कस करतात, रुंद टायर, निळे दिवे, मागे डेक, बंपर एवढा की नांगराला लाज वाटावी, ती बघून जीव तुटतो. पण अट वाचून मी पेचातही पडलो. फ्लोअरचा सडलेला कोपरा कापून नवा पत्रा जोडला, तर तो फेरफार? सिलिंडर तिसावरून चाळिसावर गेला, तर इंजिन तेच? माझा हिशेब मी करून टाकलाय: जे झिजण्यासाठीच बनलं ते बदलायचं, जे ठोकून-कोरून ओळख म्हणून दिलं त्याला हात लावायचा नाही. फळक्यावरची लांबी मात्र काढणार नाही. थोरल्याची बैलगाडी त्यात आहे.

मधल्या एका दिवशी नगरला लेथवाल्याकडे चक्कर झाली, आणि तिथपर्यंत गेलो म्हणून कॅव्हलरी टँक म्युझियमही केलं. १९९४ मध्ये सुरू झालेलं. पॅटन, सेंच्युरियन, विजयंत सगळे उन्हात रांगेने उभे. मी खिळलो तो रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेल्या चिलखती गाडीपाशी. महाराजांसाठी म्हणून जिचं नाव घेतात त्या गाडीच्या हाडांवर पोलादी कवच. तिथेही सवयीने हात खिशात गेला होता. पण चुंबक काढायचं धाडस झालं नाही.

किंमत किती ठरली ते लिहीत नाही, घरात वेगळा आकडा सांगितलेला आहे. नानांनी पैसे मोजले नाहीत, सुनेकडे दिले. एवढंच म्हणाले, "कोंबडी उठंस्तोवर न्यायची न्हाई. अंडी उबत्याती."

आठव्या नाही, अकराव्या दिवशी गेलो. पिल्लं झाली होती. मिस्त्रींनी भोकातले बोळे काढले, हँडल घातलं, आणि जोर न लावता त्याच्यावर नुसतं वजन टाकून उभे राहिले, पारावर टेकावं तसे. मिनिटभर काहीच नाही. मग आतून 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि हँडल वीतभर खाली गेलं. पुन्हा वर आणलं, पुन्हा खाली. पंखा फिरला. नाना खाटेवरून उठले.

आणि हँडल फिरेल तसं गाडीच्या पोटाखालून काहीतरी सळसळत होतं, पाखडल्यासारखं. मिस्त्रींनी कान दिला, खाली वाकले, सायलेन्सरचे नट सोडवले आणि तो उभा धरून झटकला. ज्वारी. उंदराने कधीतरी साठवलेली, ओंजळभर, पांढरी, टपोरी. नानांच्या सुनेने त्यातला एक दाणा उचलून दाताखाली धरला. कडकन् फुटला.

"वाळलेली हाय," ती म्हणाली, आणि उरलेली पिल्लांपुढे टाकली.